खायचे दात : हत्तीच्या दाढेचे एक प्रकरण

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आपण माणसांवर वापरतो. इथे गोष्ट खऱ्याखुऱ्या हत्तीची आहे आणि त्यातही फक्त खायच्या दातांची. दाखवायच्या दातांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्यापायी हजारो हत्ती मारले गेले. तोंडाच्या आत, अंधारात, दिवसाचे बारा-पंधरा तास राबणाऱ्या दाढेकडे सहसा कुणाची नजर जात नाही.

माझी तिच्याशी ओळख एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात झाली. काचेच्या कपाटात, फॉर्मेलिनच्या बरण्यांच्या खालच्या फळीवर ती पडून होती. आशियाई हत्तीची होती. बाहेर काढताना एक हात पुरेना. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दात वाटतच नाही, चिखलात रुतून दगड झालेली एखादी जुनी वहाण वाटते. मग नखाने चाचपत गेले की कळते, की हा एकसंध ठोकळा नाही. दप्तरात पाट्या उभ्या लावाव्यात तशा एकामागे एक पातळ पट्ट्या उभ्या आहेत आणि मधल्या फटी कुणीतरी चुन्याने भरून घेतल्यासारख्या बुजलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग झिजून सपाट झालेला होता. तिथे प्रत्येक पट्टीचे लांबट, चपटे कडे दिसत होते, कड्याची किनार चमकदार आणि बोटाला खरखरीत लागणारी. मागच्या पट्ट्या मात्र कोऱ्या होत्या. त्यांची टोके मिटलेल्या मुठीच्या बोटांसारखी गोल होती. त्या पट्ट्यांनी एकही घास दळलेला नव्हता.

सस्तन प्राण्यांच्या दातांचा इतिहास समजून घ्यायचा तर उंदरापासून देवमाशापर्यंत कुठूनही सुरुवात करता येते. मला ही दाढ योग्य वाटते, कारण तिच्याबाबतीत एक अवघड प्रश्न पुराव्यानिशी तपासता आला आहे : आधी खाणे बदलले की आधी दात बदलला?

जाते आणि टाकी

आधी दाढ काम कशी करते ते पाहू. कोणत्याही सस्तन प्राण्याचा दात तीन पदार्थांचा असतो. सर्वांत कठीण दंतवल्क, म्हणजे एनॅमल. त्याचे वजनाने ९५ टक्क्यांहून जास्त खनिज असते. त्याच्या आत डेंटीन, थोडे मऊ आणि चिवट. आणि मुळांभोवती सिमेंट, हाडासारखे, सर्वांत मऊ. माणसाच्या दातात सिमेंट हिरडीखाली लपलेले असते. हत्तीच्या दाढेत ते वर येऊन पट्ट्यांमधल्या फटी भरते.

म्हणजे झिजलेल्या पृष्ठभागावर पुढून मागे बोट फिरवले, तर ओळीने लागतात : सिमेंट, एनॅमल, डेंटीन, एनॅमल, सिमेंट, पुन्हा एनॅमल. मऊ भाग लवकर झिजून खोलगट होतो, एनॅमल उशिरा झिजते म्हणून कंगोरा होऊन वर राहते. ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे चटकन समजेल. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की पीठ जाडेभरडे पडू लागते. मग टाकी लावणारा यायचा आणि छिन्नीने पुन्हा खाचा पाडून द्यायचा. हत्तीच्या दाढेला टाकी लावावी लागत नाही. झिजणे हेच तिला धार लावणे आहे. जोवर उंची शिल्लक आहे तोवर खाचा आपोआप नव्या होत राहतात.

पण उंची संपते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच जिवंत असतात, त्यानंतर एनॅमलचा एक कणही नव्याने चढत नाही. प्रौढ हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातले निम्म्याहून कमी पचवतो. इतके दळण साठ वर्षे चालवायचे, तर एक दाढ पुरायची नाही.

म्हणून हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, आयुष्यात सहा दाढा मिळतात, एकूण चोवीस. त्या एकदम येत नाहीत. आपल्याला दुधाचा दात पडला की त्याच्या खालून नवा येतो. हत्तीत नवी दाढ मागून येते आणि जुनीला पुढे ढकलत नेते. एका वेळी एक किंवा जास्तीत जास्त दोनच दाढा कामावर असतात. पुढची झिजून तिचे तुकडे पडत जातात, मागचीच्या पुढच्या पट्ट्या दळायला लागलेल्या असतात आणि त्याच दाढेच्या शेवटच्या पट्ट्या जबड्याच्या हाडात अजून घडत असतात. एकच दात एका टोकाला म्हातारा, दुसऱ्या टोकाला जन्मायचा. कपाटातल्या त्या दाढेवर मला हेच दिसत होते.

सहापैकी पहिल्या तीन दाढा खरे तर दुधाच्या आहेत, पुढच्या तीन कायमच्या. प्रत्येक पुढची आधीपेक्षा मोठी. पहिली दीड-दोन वर्षांत संपते, तिसरी दहा-बाराव्या वर्षाच्या सुमारास, पाचवी चाळिशीत, आणि सहावी, जिचे वजन चार-पाच किलोपर्यंत जाते, ती अखेरपर्यंत. बैलबाजारात जनावराचा ओठ वर करून आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे वय सांगतात, तसेच हत्तीचेही सांगता येते. रिचर्ड लॉज यांनी १९६६ साली आफ्रिकी हत्तीच्या खालच्या दाढांवरून वय ठरवायची पद्धत मांडली, ती क्षेत्रात काम करणारे आजही वापरतात. सहावी दाढ झिजून संपली की हत्तीचे पोट भरत नाही. जंगलातल्या म्हाताऱ्या हत्तीचा शेवट पुष्कळदा असा, चारा समोर असताना होतो.

कुठून निघाले

हत्तीकुळाचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोत सापडले, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या प्राण्याचे नाव एरिथेरियम. आकाराने सशाहून फार मोठा नसावा. त्याच्या दाढेवर साधे उंचवटे होते, आपल्या दाढेवर असतात त्याच जातीचे. पुढे इजिप्तच्या फायूम भागातला मोरिथेरियम येतो, साडेतीन कोटी वर्षांहून जुना, पाणथळीत राहणारा. त्याच्या दाढांवर उंचवटे जोडून आडवे वरंबे तयार झालेले दिसतात. या जुन्या मंडळींचे पुढचे दात आपल्यासारखे खालून वर बदलत असत. दाढांची मागून पुढे सरकणारी रांग ही नंतरची रचना आहे.

त्यानंतरच्या गॉम्फोथेरियम या हत्तीकुळातल्या प्राण्याच्या मधल्या दाढांवर असे तीन वरंबे. ही दाढ बुटकी होती आणि चेचायचे काम करायची. पाने, फांद्या, फळे यांना तेवढे पुरे. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी अशा हत्तींचे नातलग आफ्रिका, युरोप, आशिया आणि पुढे अमेरिकेतही पसरलेले होते आणि त्यांचे बरे चालले होते. दाढ बदलायचे त्यांना काही कारण नव्हते.

ऐंशी लाख वर्षांपूर्वी, पूर्व आफ्रिका

कारण जमिनीतून आले. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात उष्ण प्रदेशांत एका विशिष्ट प्रकारचे गवत झपाट्याने पसरले. वनस्पती हवेतला कार्बन दोन मुख्य तऱ्हांनी पकडतात. झाडे, झुडपे, भात, गहू एका तऱ्हेने, तिला सी-३ म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण माळरानांवरची बहुतेक गवते दुसऱ्या तऱ्हेने, ती सी-४. या दोन तऱ्हांमध्ये जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३चे, प्रमाण वेगळे पडते. खाणाऱ्याच्या अंगात ते उतरते आणि एनॅमलमध्ये कायमचे कोंडले जाते. ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून हे प्रमाण दर हजारी किती कमी-जास्त ते मोजतात. झाडपाला खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये हा आकडा उणे १० च्या खाली असतो, सी-४ गवत खाणाऱ्याचा शून्याच्या आसपास किंवा थोडा वर. एनॅमल इतके घट्ट असते, की लाखो वर्षांनंतरही हा आकडा फारसा बिघडत नाही.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दाताचा आकार सांगतो की हा प्राणी काय खाण्यासाठी घडला होता. दातातला कार्बन सांगतो की तो प्रत्यक्षात काय खात होता. एकाच वस्तूत दोन साक्षीदार, आणि त्यांनी एकमेकांशी संगनमत केलेले नाही. दोघांच्या जबान्या वेगवेगळ्या घेऊन ताडून पाहता येतात.

अमेरिकेतले थुर सर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हत्तीकुळाच्या एनॅमलमधला कार्बन मोठ्या प्रमाणावर मोजला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे एड्रियन लिस्टर यांनी २०१३ साली ‘नेचर’ नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतल्या हत्तीकुळाच्या दोन्ही जबान्या शेजारी ठेवल्या : एका बाजूला कार्बन, दुसऱ्या बाजूला दाढेची उंची आणि पट्ट्यांची संख्या.

निकाल स्पष्ट होता. खाणे ८० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास बदलले. केनियात तुर्काना सरोवराजवळच्या लोथागाम इथे सापडणारे स्टेगोटेट्राबेलोडॉन आणि प्रायमेलेफससारखे सुरुवातीचे हत्ती मुख्यतः गवत खात होते. पण त्यांच्या दाढा बुटक्याच होत्या. उंची रुंदीपेक्षा कमी, एनॅमल जाड, पाच मिलिमीटरच्या आसपास, पट्ट्या मोजक्या. दाढ जोमाने उंच व्हायला लागली ती ५० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास. मध्ये गेली ३० लाख वर्षे.

तीस लाख वर्षे हा प्राणी न जमणारा घास चावत राहिला.

इथे जरा थांबावेसे वाटते. उत्क्रांती म्हटले की आपण नकळत असे बोलतो, की हत्तीला उंच दाढा आल्या आणि म्हणून तो गवताकडे वळला. जणू आधी हत्यार मिळाले, मग काम सुरू झाले. या प्रकरणात ते उलटे आहे. काम आधी सुरू झाले, तेही चुकीच्या हत्याराने. सवयीने वाट दाखवली, शरीर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यामागून चालत आले. ज्यांच्या दाढा किंचित उंच होत्या ते किंचित जास्त जगले, त्यांना दोन पिल्ले जास्त झाली. निवडीचा दाब गवताने आणला, पण त्या दाबाखाली जाऊन बसायचे ते हत्तीने आपल्या वागण्याने.

हे हत्तीला शक्य झाले त्यात सोंडेचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. घोड्याला किंवा गवताळ हरणाला जमिनीलगतचे गवत खायला ओठ, पुढचे दात, मान, सगळेच त्या मापाचे लागते. हत्तीची सोंड पानही तोडते, गवताचा जुडगाही उपटते. त्यामुळे खाणे एका पिढीत बदलू शकते. कबिनीच्या पाणलोटाच्या काठी मी एका हत्तिणीला बराच वेळ पाहत होतो. ती गवताचा पुंजका सोंडेने मुळासकट उपसायची, मग पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटून माती झाडायची आणि मगच तोंडात घालायची. एखादा पुंजका जास्त मातीचा निघाला तर पुन्हा आपटायची. ते पाहताना लक्षात येते, की गवत खाणे म्हणजे निव्वळ गवत खाणे नसते. त्याबरोबर धूळ, वाळू, खडे तोंडात जातात. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कणही असतात. दाढ कोण जास्त झिजवते, पात्यातली सिलिका की वरची धूळ, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझा कल धुळीकडे आहे. त्या उशिराचा अर्थही मग लागतो : सुरुवातीचे गवत ओलसर जमिनीवरचे असेल, तर बुटक्या दाढेने तग धरला असणार. पुढे पूर्व आफ्रिका कोरडी होत गेली, धूळ वाढली आणि तेव्हा उंचीला किंमत आली. यूहा सारिनेन आणि लिस्टर यांनी २०२३ मध्ये केलेल्या कामातही कोरडेपणाच्या टप्प्यांशी दाढेतले बदल जुळताना दिसतात. बदल पायरीपायरीने झाला आणि चढलेली पायरी सहसा उतरली गेली नाही.

या सगळ्याला एक नैसर्गिक तुलनाही उपलब्ध आहे. त्याच पूर्व आफ्रिकेत डायनोथेरियम नावाचा हत्तीचा दूरचा नातलग राहत होता, खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असणारा. त्याच्या एनॅमलमधला कार्बन शेवटपर्यंत झाडपाल्याचाच राहिला. आणि त्याची दाढही शेवटपर्यंत बुटकीच राहिली. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी तो आफ्रिकेतून नाहीसा झाला. तेच ऊन, तीच धूळ, पण खाणे बदलले नाही तर दाढही बदलली नाही.

पट्टी वाढते कशी

दाब कितीही असला तरी शरीर हवे ते घडवू शकत नाही. ज्या रीतीने दात गर्भात वाढतो, त्या रीतीला जे बदल सोपे तेच आधी होतात. म्हणून आता गर्भात डोकवायला हवे. यातले बहुतेक ज्ञान उंदराच्या पिलांवरून आले आहे, कारण हत्तीच्या गर्भाची दाढ काचेच्या बशीत वाढवून पाहता येत नाही.

जबड्याच्या काठाने आधी पेशींची एक जाड पट्टी तयार होते. तिच्यात जागोजागी कळी फुगते. कळीखालच्या मऊ ऊतीशी तिची देवाणघेवाण सुरू होते आणि कळीचा आकार टोपीसारखा, मग घंटेसारखा होतो. टोपीच्या टप्प्यावर मधोमध पेशींची एक छोटी गाठ दिसते, तिला एनॅमल नॉट म्हणतात. ही गाठ फार विलक्षण आहे. तिच्यातल्या पेशी स्वतः वाढणे थांबवतात आणि शेजारच्या पेशींना वाढायचे निरोप पाठवतात. मधला भाग थांबलेला आणि कडा वाढत असलेल्या, म्हणून पडद्याला घडी पडते. ती घडी म्हणजेच दाताचा पहिला उंचवटा. काम झाले की गाठीतल्या पेशी मरून जातात. मग ठरावीक अंतरावर दुसऱ्या गाठी उठतात आणि दुसरे उंचवटे पडतात. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नवाल यांच्या गटांनी १९९० च्या दशकात हे निरोपे ओळखून काढले.

यातून एक गोष्ट निघते. उंचवट्यांच्या संख्येसाठी जनुकांत वेगळी यादी नसते. एकच कृती पुन्हापुन्हा होते : गाठ, निरोप, घडी, पुढची गाठ. वाढणारी जागा थोडी लांब झाली किंवा दोन गाठींमधले अंतर थोडे कमी झाले, की त्याच कृतीने एक उंचवटा जास्त पडतो. हत्तीच्या दाढेत पट्ट्या पुढून मागे, एकामागून एक घडतात. प्रत्येक पट्टी आधी बोटांसारख्या सुट्या टोकांची असते, ती टोके खाली जुळून पट्टी होते. तीन वरंब्यांवरून बारा पट्ट्यांवर आणि बारावरून चोवीसवर जाण्यासाठी नवा शोध लागत नाही. चाललेले काम उशिरा थांबवले की झाले.

उंचीचेही तसेच. दाताचा वरचा भाग घडून झाला की मुळे फुटू लागतात. मुळे फुटणे लांबणीवर टाकले की माथा उंच होत जातो. उंदराच्या पुढच्या दातांत आणि सशाच्या दाढांत ती वेळ कधी येतच नाही, म्हणून ते दात आयुष्यभर वाढतात. हत्तीच्या दाढेत ती येते, पण उशिरा. त्याच हत्तीचे सुळे मात्र आयुष्यभर वाढत राहतात. एकाच तोंडात दोन्ही तऱ्हा आहेत.

एक प्रयोग मला इथे सांगितलाच पाहिजे. २००७ साली कॅथरिन कॅव्हनॉ, अ‍ॅलिस्टर इव्हान्स आणि येर्नवाल यांनी उंदराच्या गर्भातली पहिली दाढ आणि मागच्या दाढा ज्यातून घडतात ते तिच्यामागचे पेशींचे शेपूट सुरीने वेगळे केले. मागची दाढ लवकर घडायला लागली आणि नेहमीपेक्षा मोठी झाली. म्हणजे पुढची दाढ मागचीला दाबून ठेवत असते. भोवतालची ऊती वाढीला चालना देते, पुढची दाढ रोखून धरते आणि या दोघींच्या तोलावरून मागच्या दाढांची मापे ठरतात. रोख जास्त असेल तर मागची दाढ लहान, माणसाची अक्कलदाढ आक्रसते किंवा येतच नाही तशी. रोख कमी असेल तर मागची मोठी. हत्तीच्या सहा दाढा क्रमाने मोठ्या होत जातात, त्या या तोलाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. अक्कलदाढेने हैराण झालेला माणूस आणि पाच किलोची सहावी दाढ वागवणारा हत्ती या एकाच नियमाची दोन उदाहरणे असावीत, या विचाराने मला आजही हरखून जायला होते.

हत्तीचा पाण्यातला चुलत नातलग मॅनाटी आणखी पुढे गेला. त्याच्याही दाढा मागून पुढे सरकतात, पण मागून नव्या येण्याला शेवटच नाही. सहाचा हिशोब हत्तीपुरता आहे.

गवत खाऊनही

गवताकडे वळलेले सगळेच उंच दाढांचे झाले असे मात्र नाही. अनॅन्कस नावाचा गॉम्फोथेरियमच्या गोतातला प्राणी त्याच काळात पूर्व आफ्रिकेत गवत खात होता, हे त्याच्या कार्बनवरून दिसते. त्याच्या दाढेत थोडे वरंबे वाढले, पण ती बुटकी आणि चेचणारीच राहिली. तो गेला. खऱ्या हत्तींमध्ये दाढेबरोबर बाकीचेही बदलले : खालचे सुळे नाहीसे झाले, जबडा आखूड झाला, कवटी उंच झाली आणि चावण्याची दिशा पालटली. बाजूने रगडण्याऐवजी खालचा जबडा मागून पुढे सरकू लागला आणि वरखालच्या पट्ट्यांचे कंगोरे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून जाऊ लागले. व्हिन्सेंट मॅग्लिओ यांनी १९७० च्या दशकात या चावण्याचा बारकाईने अभ्यास केला. किसणी आडवी धरली तर काम होत नाही, पट्ट्यांच्या आडव्या रांगेलाही पुढे-मागे चालणारा जबडाच लागतो.

आशियात शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेला स्टेगोडॉनही असाच वेगळ्या वाटेचा. ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकात तिथले जीवाश्म गोळा केले. स्टेगोडॉनच्या दाढेचे वरंबे कौलारू छपरांच्या ओळीसारखे दिसतात, नावाचा अर्थही छपरासारखा दात असाच आहे. तो हत्तींचा पूर्वज असावा असे पुष्कळ काळ मानत. आता तो शेजारची फांदी मानला जातो. वरंबे वाढवायची तीच युक्ती त्याने स्वतंत्रपणे वापरली.

नांदूर मध्यमेश्वर

पूर्व आफ्रिकेतली एक फांदी पुढे रेकी या नावाने ओळखली जाते. सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीपासून तिचे जीवाश्म इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात आणि तुर्कानाच्या परिसरात थरावर थर सापडतात. खालच्या थरापासून वरच्या थराकडे जाताना दाढ उंच होत जाते, पट्ट्या वाढतात, एनॅमल पातळ होते. शेवटी उंची रुंदीच्या दुपटीच्या आसपास पोचते. याच फांदीतून पॅलिओलॉक्सोडॉन हा वंश आफ्रिकेबाहेर पडून युरोप आणि आशियात पसरला, असे मानले जाते.

त्याची भारतातली जात म्हणजे नमाडिकस. नर्मदेच्या गाळात सापडली म्हणून हे नाव, फाल्कनर आणि कॉटली यांनी १८४६ साली दिलेले. आणि नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, जिथे कादवा गोदावरीला मिळते त्या नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात याच हत्तीचे अवशेष मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तिथे आपण पक्षी पाहायला जातो. जानेवारीत पहाटे बंधाऱ्याच्या बाजूला उभे राहिले की धुक्यातून आधी बदकांचा कलकलाट येतो, मग पाणी दिसते. त्याच नदीच्या काठाने एके काळी आजच्या आशियाई हत्तीपेक्षा कितीतरी थोराड हत्ती चरत होते. त्यांच्या दाढांवरच्या एनॅमलची किनार बारीक चुण्यांची होती, झालरीसारखी. चुणी पडली की त्याच जागेत कापणारी कड लांब होते.

या वंशाबद्दल अलीकडे एक धक्का बसला. युरोपातल्या पॅलिओलॉक्सोडॉनच्या हाडांतला डीएनए २०१७ मध्ये वाचला गेला, तेव्हा तो आशियाई हत्तीपेक्षा आफ्रिकेच्या जंगलातल्या हत्तीशी जास्त जवळचा निघाला. पुढच्या वर्षीच्या कामात त्या वंशात अनेक हत्तींच्या संकराचे धागे दिसले. दाढांवरून लावलेली नाती आणि डीएनएवरून लावलेली नाती इथे जुळत नाहीत. मला यात आश्चर्य वाटत नाही. दाबही तोच आणि घडवायची रीतही तीच असेल, तर वेगवेगळ्या घरांतल्या दाढा एकमेकींसारख्या होणारच. लोकरी मॅमथने उत्तरेच्या थंड माळावर हेच केले : शेवटच्या दाढेत पंचविसाच्या आसपास पट्ट्या, एनॅमल जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. दाढ हा अन्नाचा साक्षीदार म्हणून पक्का आहे, नातेसंबंधांचा म्हणून तितका नाही.

पुन्हा झाडाकडे

आजच्या आफ्रिकी हत्तींच्या दातातला आणि हाडातला कार्बन मोजला तर आकडा पुष्कळ ठिकाणी झाडपाल्याकडे झुकतो. पावसाळ्यात ते गवत खातात, पण वर्षाचा मोठा भाग पाने, फांद्या आणि झाडाची साल यांवर जातो. लाखो वर्षे गवतावर राहून हे हत्ती पुन्हा झाडाकडे वळलेले आहेत. दाढ मात्र गवताचीच आहे. बुटकी व्हायला लागल्याचे चिन्ह नाही. उंच दाढेने पाला खाता येतो, नुकसान काही नाही, म्हणून मागे फिरायला तिच्यावर दाबही नाही.

याचा परिणाम जुने जीवाश्म वाचण्यावर झाला आहे. दाढेच्या आकारावरून ‘हा गवत खाणारा होता’ असे जे पूर्वी सरसकट लिहिले जाई, ते आता एनॅमलची भुकटी तपासल्याशिवाय कुणी जबाबदार अभ्यासक लिहीत नाही. छोट्या ड्रिलने कडेला एक बारीक रेघ ओढतात, काही मिलिग्रॅम पांढरी पूड एका कुपीत घेतात. दाढेवर नखाने ओरखडा काढावा एवढीच खूण राहते.

कपाटातली ती दाढ मी परत ठेवली तेव्हा तिच्या मागच्या पट्ट्या पुन्हा एकदा मोजल्या. न झिजलेल्या नऊ होत्या. तो हत्ती आणखी काही वर्षे जगता, तर त्या एकेक करून पुढे सरकल्या असत्या.